तिसरी सीसीआय

आदिलाबादेत रिक्षावाल्याला 'सीसीआयला सोड' म्हणालात तर तो आधी विचारेल, "कोणती? सिमेंटची का कापसाची?" प्रश्न रास्त आहे. गावात या तीन अक्षरांचे दोन धनी. एक सिमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. हिचा कारखाना १९८० च्या दशकात सुरू झाला आणि नव्वदीत बंद पडला, तो पडलाच. निवडणूक आली की तो पुन्हा सुरू करायचं आश्वासन मात्र वेळेवर बाहेर निघतं. दुसरी कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे १९७० सालचं कापूस महामंडळ. दिवाळीच्या आगेमागे मार्केट यार्डात कापसाच्या गाड्यांची रांग लागली की दिवसभर हिचंच नाव कानावर पडतं.

तिसरी सीसीआय दिल्लीत बसते. कॉम्पिटिशन कमिशन ऑफ इंडिया, मराठीत भारतीय स्पर्धा आयोग. आदिलाबादेत तिला कुणी ओळखत नाही. पण पेनगंगेच्या अलीकडे-पलीकडे ज्याच्या ज्याच्या खिशात मोबाइल आहे, त्या प्रत्येकाशी तिच्या कामाचा संबंध येतो. तो कसा, हे सांगण्याआधी आमच्या भाऊजींची गोष्ट ऐका.

भाऊजींचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. मागच्या खरिपाच्या तोंडावर, ऐन गर्दीच्या दिवसांत, लांबच्या गावांचं गिऱ्हाईक येईनासं झालं. शेवटी बेल्याकडचा एक जुना शेतकरी दारात येऊन म्हणाला, "तुम्ही दुकान बंद केलं म्हणे?" त्यानं फोन पुढे केला. नकाशाच्या ॲपवर दुकानाच्या नावाखाली तांबड्या अक्षरांत लिहिलेलं: कायमचे बंद. आणि भाऊजी गल्ल्यावर बसलेले. कोणत्या कंपनीचा नकाशा ते सोडा. भाऊजींनी फॉर्म भरला, दुकानाचे फोटो चढवले, उत्तर आलं: आपल्या सूचनेबद्दल आभार. पुन्हा भरला, पुन्हा आभार.

यार्डात काटा किलोभर खाली गेला तर कुणाच्या नावानं ओरडायचं ते भाऊजींना ठाऊक आहे. बाजार समितीच्या सचिवाची खोली चाळीस पावलांवर आहे. इथे ओरडायचं कुणाकडे? ज्या कंपनीशी त्यांनी कधी करार केला नाही, एक रुपयाही दिला नाही, तिनं त्यांच्या दाराला कुलूप असल्याची दवंडी कशी पिटली? एवढी ताकद येते कुठून?

गाड्या जिथे, व्यापारी तिथे

समजा, यार्डापासून दहा मैलांवर कुणी नवं मार्केट बांधलं. चकाचक ओटे, पिण्याचं थंड पाणी, फी निम्मी. शेतकरी गाडी तिकडे वळवेल? नाही, कारण तिथे घेणारा नाही. व्यापारी जाईल? तोही नाही, कारण तिथे गाडी नाही. दोघं एकमेकांसाठी जुन्याच यार्डात येत राहतात आणि नवे ओटे बकऱ्यांच्या उपयोगी पडतात.

अर्थशास्त्रात याला 'नेटवर्क परिणाम' म्हणतात. एखादी सेवा जितकी माणसं वापरतात, तितकी ती प्रत्येकाच्या जास्त कामाची होते आणि सोडायला तितकीच जड जाते. गावचा कापूस-भावाचा व्हॉट्सॲप ग्रुप घ्या. त्याहून चांगलं ॲप कुणी आणून दिलं तरी तुम्ही एकटे तिकडे जाऊन करणार काय? स्वतःलाच भाव पाठवणार? ग्रुपमधल्या दोनशे जणांनी एकाच दिवशी उठून जायचं ठरवलं तरच ते जमेल, आणि दोनशे जण तर गणपतीच्या वर्गणीवरही एकमत होत नाहीत.

इथपर्यंत यार्ड आणि ॲप सारखेच. फरक पुढे आहे. यार्डाला अंतराची वेस असते. डिझेल, रस्ता, बैलांचा दम यांमुळे आदिलाबादचं यार्ड कितीही मोठं झालं तरी वणीचं किंवा पांढरकवड्याचं यार्ड गिळू शकत नाही. फोनमधल्या यार्डाला अंतरच नाही. दर नव्या माणसामागचा जादा खर्चही जवळपास शून्य. त्यामुळे जो एकदा पुढे निघाला तो पुढेच जात राहतो आणि शेवटी तालुक्या-तालुक्याला एक नव्हे, साऱ्या जगाला मिळून एक-दोनच यार्डं उरतात. हे घडायला लबाडी लागतेच असं नाही. पुष्कळदा माल खरोखर चांगला असतो. लबाडीचा प्रश्न येतो तो त्यानंतर, जेव्हा यार्डाच्या मालकाला कळतं की आता लोकांना जायला दुसरी जागा नाही.

रुमालाखालचा सौदा

कापसाच्या मुलखाला हे नवं नाही. जुन्या बाजारात व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली हात धरत आणि बोटं दाबून भाव ठरवत. शेजारी उभ्या असलेल्या मालकाला आपल्याच कापसाचा भाव सौदा झाल्यावर कळे. वजनात कडता कापला जाई, नमुन्याच्या नावानं मूठ-मूठ माल जाई, धर्मादाय वेगळा. काटा व्यापाऱ्याचा, मापारीही त्याच्याच ओळखीचा. शेतकऱ्याचा म्हणावा असा त्या व्यवहारात फक्त कापूस.

१८८६ साली वऱ्हाडात कारंजा इथे हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमानं देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. हुकूम हैदराबादहून, कारण वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचं आणि कारभाराला इंग्रजांचं. इंग्रजांना शेतकऱ्याचा पुळका आला होता असं कुणी समजू नये. मँचेस्टरच्या गिरण्यांना निखळ कापूस वाजवी भावात हवा होता. हेतू काही असो, त्यातून एक रीत रुजली. बाजाराची जागा समितीची असावी, व्यापाऱ्याची नव्हे. काटा तपासलेला असावा आणि तो माल घेणाऱ्याच्या ताब्यात नसावा. हर्रास उघड्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल असा व्हावा. अडत्यानं किती अडत घ्यायची ते आधी ठरलेलं असावं.

आजची यार्डं काही संतांनी चालवलेली नाहीत, हे आदिलाबादच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. पण त्या रीतीतली मेख समजून घेण्यासारखी आहे. बाजारात तीन वस्तूंना ताकद असते: आत सोडणारं फाटक, माल मोजणारा काटा आणि विकत घेणारं दुकान. जुन्या नियमानं कुणा व्यापाऱ्याला मोठं व्हायची बंदी केली नाही. त्यानं फक्त या तीन वस्तू एका हातात राहू दिल्या नाहीत.

फाटक, काटा आणि दुकान

आता फोनकडे वळू. २०२५ च्या हंगामापासून कापूस महामंडळाला हमीभावानं कापूस द्यायचा तर 'कपास किसान' या ॲपवर नोंदणी करून स्लॉट घ्यावा लागतो, म्हणजे कोणत्या दिवशी कापूस आणायचा तो दिवस. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही तो मुलाला, शेजाऱ्याला किंवा कृषी विस्तार अधिकाऱ्याला गाठतो. ॲप सरकारी महामंडळाचं आहे. पण ते मिळतं कुठे? प्ले स्टोअरवर किंवा ॲपलच्या दुकानात. भारतातले बहुतांश स्मार्टफोन गुगलच्या अँड्रॉइडवर चालतात, तेव्हा बहुतेकांसाठी प्ले स्टोअरच, आणि तिथून ॲप उतरवायला आधी गुगलचं खातं लागतं. सरकारी हमीभाव घ्यायला निघालेला शेतकरी पहिलं फाटक ओलांडतो ते एका अमेरिकन कंपनीचं. याचा अर्थ ॲपमध्ये काही बिनसलं तर दोष गुगलचा, असा नाही. मुद्दा इतकाच की फाटक कुणाचं आहे ते ध्यानात ठेवावं.

अँड्रॉइड ही फोन चालवणारी मूळ यंत्रणा तशी कुणालाही फुकट घेता येते. पण प्ले स्टोअर नसलेला फोन विकत कोण घेणार? आणि प्ले स्टोअर हवं असेल तर फोन बनवणाऱ्या कंपनीला गुगलशी करार करावा लागे. करारात अट अशी की गुगलच्या ॲपांची सगळी पेटीच फोनमध्ये आधीपासून भरायची आणि गुगलचा शोध ठळक जागी ठेवायचा. यार्डाच्या भाषेत सांगायचं तर फाटकाची किल्ली फुकट, पण फाटकासमोरच्या साऱ्या गाळ्यांवर माझ्याच पाट्या.

पाटीनं एवढं काय होतं, असं वाटेल. ॲप बदलायला दोन बोटांचं काम. पण माणूस ते करत नाही, फोन जसा आला तसाच वापरतो. या आळसाची बाजारातली किंमत आपल्याला माहीत आहे. फोन आणि ब्राउझरमध्ये आपला शोध आधीपासून ठेवावा म्हणून गुगलनं २०२१ या एका वर्षात वेगवेगळ्या कंपन्यांना २६.३ अब्ज डॉलर दिले. हा आकडा अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आला. त्याच खटल्यात ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलनं शोधाच्या बाजारातली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला.

आपल्याकडे हीच तक्रार तिसऱ्या सीसीआयकडे २०१८ मध्ये गेली, आणि ती नेली कुण्या बड्या कंपनीनं नव्हे, तिघा तरुणांनी. २०१९ मध्ये चौकशीचा आदेश निघाला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगानं गुगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. पाचच दिवसांनी दुसरा आदेश आला, ९३६.४४ कोटींचा. तो प्ले स्टोअरवरच्या पैशांच्या व्यवहारांबद्दल होता. ॲपमधून काही विकायचं तर गल्ला आमचाच वापरा आणि त्यातून आमचं कमिशन द्या, ही गुगलची सक्ती आयोगाला गैर वाटली. ते कमिशन कशाच्या विक्रीवर आणि किती मोठ्या विक्रीवर, यानुसार १५ ते ३० टक्क्यांपर्यंत जाई. यार्डात कुणी अडत्या तीस टक्के मागू लागला तर त्याचं काय होईल ते वाचकांनीच ठरवावं.

दंडाचे आकडे वाचून कुणी टाळ्या वाजवण्याआधी पुढचं ऐका. अपिलात, मार्च २०२३ मध्ये, पहिला दंड कायम राहिला, पण आयोगाच्या दहा आदेशांपैकी चार रद्द झाले. आधीपासून भरलेली ॲपं फोनमधून पुरती काढून टाकता यावीत, हा आदेश त्या चारांत गेला. दुसरा दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. तरी काही हललंच. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती नाकारल्यावर गुगलनं भारतापुरते नियम बदलत असल्याचं जाहीर केलं. फोन बनवणाऱ्यांना पेटीतली हवी तेवढीच ॲपं घेता येतील आणि शोधासाठी कोणाचं यंत्र वापरायचं ते ग्राहकाला निवडता येईल.

फुकटाची किंमत

भाऊजींनी नकाशाला रुपयाही दिला नव्हता, हे वर आलंच. मग या कंपन्यांचं पोट भरतं कशावर? जाहिरातीवर. आणि जाहिरात विकली जाते हर्रासानं.

तुम्ही फोनवर एखादी बातमी उघडता. पान दिसायला डोळ्याची पापणी लवायचाच काय तो वेळ लागतो, पण तेवढ्यात त्या पानावरच्या रिकाम्या चौकोनाचा लिलाव झालेला असतो. एका बाजूला वृत्तपत्राचा अडत्या पुकारतो: जागा आहे, समोर आदिलाबादचा चाळिशीतला गडी आहे, काल ट्रॅक्टरचे टायर शोधत होता. दुसऱ्या बाजूला टायर कंपनीचा अडत्या बोली लावतो. मधे लिलावाचं यार्ड. हे अडत्ये आणि हे यार्ड, सगळं संगणकी.

घोटाळा कुठे, तर वृत्तपत्राचा अडत्या गुगल, टायरवाल्याचाही अडत्या पुष्कळदा गुगल, आणि मधलं यार्डही गुगलचं. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी यातल्या दोन ठिकाणी, म्हणजे वृत्तपत्राच्या बाजूच्या अवजारात आणि यार्डात, गुगलनं बेकायदा मक्तेदारी केल्याचं आणि ही दोन्ही बेकायदा एकमेकांत गुंतवल्याचं ठरवलं. गुगलला हा निकाल मान्य नाही. पण आपल्याला यात ओळखीचं काही दिसलं पाहिजे. रुमाल तोच आहे, फक्त हात दिसत नाहीत.

या लिलावात किंमत चढते ती तुमच्याबद्दल किती माहिती आहे त्यावर. म्हणून माहितीची भूक. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं फर्मान काढलं की मालक कंपनी फेसबुकशी (आताच्या मेटाशी) माहितीची देवाणघेवाण करायला संमती द्या. नाही म्हणायची सोय नव्हती. संमती द्या, नाही तर व्हॉट्सॲप सोडा. तिसऱ्या सीसीआयचा आक्षेप नेमका यावर होता. जिथून उठून जायला दुसरी जागा नाही, तिथली 'संमती' कसली? नोव्हेंबर २०२४ मध्ये आयोगानं मेटाला २१३.१४ कोटी दंड केला आणि जाहिरातींसाठी माहिती देण्यावर पाच वर्षं बंदी घातली. वर्षभरानं अपिलात दंड टिकला, बंदी उठली.

ओलाव्याचं मीटर

यार्डात हंगामाच्या सुरुवातीला भांडणं होतात ती बहुधा ओलाव्यावरून. कापसात ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर महामंडळ पूर्ण हमीभाव देतं. पुढे दर टक्क्याला भावात एक टक्का कपात. १२ च्या वर गेलं की माल नाकारला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. मीटरनं १० दाखवले की क्विंटलमागे १६२ रुपये गेले.

मीटर म्हणजे काय, तर टोकदार सुया असलेलं एक हातभर यंत्र. सुया कापसात खुपसायच्या. ओल्या कापसातून वीज सहज वाहते, कोरड्यातून अडखळत, आणि त्यावरून आकडा येतो. गाडीच्या माथ्यावरचा कापूस पहाटेचं दव प्यालेला असतो, पोटातला कोरडा. सुई कुठे खुपसली त्यावर भाव ठरतो. म्हणून शेतकरी मीटरवाल्याच्या हाताकडे टक लावून पाहतो आणि म्हणतो, "इथं नको साहेब, खाली लावा." कधी ऐकलं जातं, कधी नाही. पण सुई दिसते, आकडा दिसतो, हात दिसतो.

कोणाचं दुकान नकाशावर वर दिसेल, कोणाचा व्हिडिओ चालेल, कोणाचं खातं संशयास्पद ठरेल, हे ठरवणारी यंत्रणा हेही एक मीटरच. तिला अल्गोरिदम म्हणतात. मराठीत सांगायचं तर पायऱ्या-पायऱ्यांनी निर्णय घ्यायची कृती, पुरणपोळीला असते तशी. फरक इतकाच की ही कृती स्वयंपाकघराचं दार लावून होते.

दार लावलेल्या मीटरनं काय होतं, हे तेलंगणानं सरकारी कामातच पाहिलं आहे. राज्याच्या 'समग्र वेदिका' या यंत्रणेत वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जोडून एक माणूस एकत्र ओळखायचा असतो. त्यासाठी वापरलं जाणारं सॉफ्टवेअर खासगी कंपनीचं. यंत्रानं कुणाच्या नावावर गाडी आहे, कुणाकडे जमीन आहे ते जुळवलं, आणि अपात्र म्हणून रेशनकार्डं रद्द झाली. एका रिक्षा ओढणाऱ्याच्या घरचं रेशन बंद झालं, कारण त्याच्या नावासारखंच नाव असलेल्या दुसऱ्या कुणाची मोटार होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयानं सुमारे १९ लाख रद्द कार्डांची घरोघर जाऊन पडताळणी करायला सांगितलं. पडताळणीसाठी आलेल्या अर्जांपैकी जुलैपर्यंत दोन लाखांवर तपासले गेले, त्यांत पंधरा हजारांवर कुटुंबं पात्र निघाली.

शेकड्यात सात-आठ चुका. मीटर वाईट होतं असं नव्हे. वाईट हे की 'इथं नको साहेब' म्हणायला जागाच नव्हती.

पाच हा आकडा

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या आणि आठवडी बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. हात जमावाचे होते आणि खटला त्यांच्यावरच चालायला हवा. पण त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक बदल केला: एक निरोप एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही. पुढच्या जानेवारीत तो नियम जगभर लागू झाला.

पाच का? चार का नाही? हा आकडा कोणत्या सभागृहात ठरला नाही, त्यावर जनसुनावणी झाली नाही. तो बरा होता, असंच माझं मत आहे. पण कोट्यवधी लोकांनी एकमेकांशी कसं बोलायचं हे कंपनीच्या एका खोलीत ठरतं, आणि चुकलं तर त्याच खोलीत दुरुस्त होतं.

गुंजाळ्याची अक्षरं

या ताकदीची चांगली बाजूही याच जिल्ह्यात पाहायला मिळते. नारनूरजवळच्या गुंजाळा गावात गोंडी भाषेच्या स्वतंत्र लिपीतल्या जुन्या हस्तलिखित पोथ्या सापडल्या. ती लिपी वाचता येणारी मोजकी म्हातारी माणसं तेव्हा हयात होती.

फोनला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला जगभर एकच आकडा असावा म्हणून युनिकोड नावाची यादी आहे. यादीत नाव नसलेलं अक्षर फोनपुरतं जन्मलेलंच नसतं. ही यादी ज्या संस्थेची, तिच्या मतदार सभासदांत ॲपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट, मेटा आहेत. २०१८ मध्ये 'गुंजाळा गोंडी' यादीत आली. गुगलनं तिचा फुकट फाँटही काढला. हे काम कुठल्या सरकारनं मनावर घेतलं असतं तर कधी झालं असतं, देव जाणे. मात्र २०२४ मध्ये गुगलनं आपल्या भाषांतर-सेवेत एकदम ११० भाषा घातल्या, त्यांत अवधी, बोडो, तुळू होत्या, गोंडी नव्हती. पुढची यादी कधी निघेल ते विचारायला कुणाच्या दारात जायचं?

चौकट: दाद कुठे मागायची

*खातं बंद झालं, बदनामीचा मजकूर आला:* आधी त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. २०२१ च्या नियमांनुसार २४ तासांत पोच आणि (२०२६ च्या दुरुस्तीनंतर) साधारणतः ७ दिवसांत निर्णय देणं कंपनीवर बंधनकारक आहे.

*तो निर्णय पटला नाही:* ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील. ही सोय २०२३ पासून आहे, पण फार थोड्यांना ठाऊक आहे.

*पैसे गेले:* लगेच १९३० वर फोन. *वस्तू-सेवेची तक्रार:* १९१५, ग्राहक हेल्पलाइन.

*स्वतःच्या माहितीवरचा हक्क:* २०२३ चा कायदा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदी त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायच्या आहेत.

*बाजारातली दादागिरी:* स्पर्धा आयोग, दिल्ली. तक्रार करायला कंपनी असावं लागत नाही, साधा ग्राहकही करू शकतो.

ठसा आधी की दंड नंतर

२०१८ ची तक्रार, २०२२ चा आदेश. मधल्या काळात कापसाचे चार हंगाम गेले आणि चार वर्षांचे फोन विकले गेले. चूक सिद्ध होईपर्यंत तिचं काम होऊन गेलेलं असतं.

काट्याच्या बाबतीत आपण असं करत नाही. वैधमापन खात्याचा माणूस फसवणूक व्हायची वाट पाहत नाही. तो ठरल्या मुदतीत येतो, वजनं तपासतो, ठसा मारतो. ठसा नसेल तर काटा लावायचाच नाही. युरोपनं हीच वाट धरली. सप्टेंबर २०२३ मध्ये सहा कंपन्यांना नावानिशी 'फाटकवाले' ठरवलं: गुगलची मालक अल्फाबेट, ॲमेझॉन, ॲपल, बाइटडान्स, मेटा आणि मायक्रोसॉफ्ट. मार्च २०२४ पासून त्यांना काही गोष्टी आधीच मना आहेत. शोधात स्वतःचं दुकान इतरांच्या वर मांडायचं नाही, एका सेवेतली माहिती विचारल्याशिवाय दुसरीत ओतायची नाही. त्याच महिन्यात आपल्याकडेही अशा कायद्याचा मसुदा निघाला. तो मसुदाच राहिला आहे. कडक नियमांनी आपल्याच नव्या कंपन्या वाढायच्या थांबतील, असा एक आक्षेप आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कारंज्याच्या व्यापाऱ्यांनीही असंच काही म्हटलं असणार, असं मला आपलं वाटतं.

भाऊजींनी तेव्हा कुणाचीच वाट पाहिली नाही. पेंटरकडून फळा रंगवून घेतला: 'दुकान चालू आहे'. मराठीत, तेलुगूत, खाली बाण. यार्डाच्या रस्त्याला विजेच्या खांबावर तारेनं आवळून बांधला. बारा-तेरा दिवसांनी नकाशावरचं 'कायमचे बंद' आपोआप गेलं. कुणी टाकलं होतं, कुणी काढलं, का काढलं, काहीच कळलं नाही. परवा गेलो तेव्हा मी विचारलं, आता हा फळा कशाला?

"राहू दे," ते म्हणाले, "तो माझा आहे."